भट्टी सोपी करा, पण गाळणाऱ्याची मजुरी पुसू नका

गेमची अर्थव्यवस्था सांभाळणाऱ्या विकसक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या अपडेटमध्ये भट्टीत होणारे बदल तुम्ही जाहीर केलेत, तेव्हापासून आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, दुसरा विषय नाही. एका क्लिकमध्ये खनिजाची अख्खी थैली गाळून होणार. गाळताना येणारी तूट बंद होणार. आणि वरच्या दर्जाच्या खनिजासाठी लागणारी कौशल्याची पातळी निम्म्यावर येणार. या तिन्हींना तुम्ही एकच नाव दिलंत, 'प्रक्रिया सोपी करणे'. माझी हरकत त्या एका नावाला आहे. हे तीन बदल बाजारात तीन वेगळ्या वाटांनी जातात, आणि त्यातल्या एकालाच मी मनापासून हो म्हणू शकतो.

मी सुरुवातीपासून भट्टीवर काम करतो. लढाईपेक्षा मला हेच आवडतं. खाणीवाल्यांकडून खनिज घ्यायचं, गाळायचं आणि तयार झालेल्या धातूच्या लगडी शस्त्रं घडवणाऱ्यांना विकायच्या. खनिजाचा भाव आणि लगडीचा भाव यांच्या फरकातून बाजाराचं शुल्क आणि तूट वजा केली की जे उरतं, ती माझी मजुरी. आमच्यासारखे गाळणारे, कातडं कमावणारे, लाकूड चिरणारे, सूत कातणारे खेळाडू कच्चा माल आणणारे आणि पक्का माल करणारे यांच्या मधल्या पट्टीत राहतात. कोणताही बदल होताना ही पट्टी सहसा कुणाच्या नजरेत येत नाही, कारण आमच्या मालाला स्वतःचं रूप नसतं. लगड कुणी मिरवत नाही.

कातड्याचं काय झालं ते आठवा. तुम्ही कातडं कमावण्याचं काम सोपं केलंत त्या रात्री मी बाजारफलकासमोर, म्हणजे खेळाडू विकायचा माल लावतात तिथे, होतो आणि माझ्या शेजारी आमच्या गिल्डमधली एक जुनी खेळाडू उभी होती. तिने दोन वर्षं फक्त कातडं कमावलं होतं. कोणत्या दर्जाच्या कातड्याला आठवड्याच्या कोणत्या दिवशी उठाव असतो, हे तिला तोंडपाठ होतं. पहिल्या तासात कमावलेल्या कातड्याचा भाव धाडकन उतरला, कारण ज्याच्या त्याच्या थैलीत जे पडून होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. तिने ते विकत घेतलं. घसरण तात्पुरती आहे असं तिचं म्हणणं होतं, आणि एरवीच्या अनुभवाने ते बरोबरही होतं.

दुसऱ्या दिवशी कच्च्या कातड्याचा भाव चढला. शिकारी जास्त भाव मागत होते असं नाही. त्यांनी कच्चं कातडं विकायलाच आणणं बंद केलं होतं. जे काम एका क्लिकचं झालं, ते दुसऱ्याला कशाला द्यायचं? त्यांनी घरच्या घरी कमावलं आणि पक्का माल थेट फलकावर लावला. त्यामुळे कच्च्या मालाचा बाजार पातळ झाला, पक्क्याचा भरून वाहू लागला, आणि फलकावर सुरू झाली ती एकेका नाण्याने भाव पाडण्याची शर्यत. ती विक्रीची एक यादी लावायची आणि वाचून होईपर्यंत तिच्याखाली एका नाण्याने स्वस्त अशा चार याद्या आलेल्या असायच्या. काही आठवड्यांत कच्च्या-पक्क्यातला फरक बाजाराच्या शुल्कापेक्षाही कमी झाला. म्हणजे ती जितकं कातडं कमावेल तितकी खोटीत जाणार. तिने दुकान बंद केलं. आता ती लॉगिन करत नाही.

हे भावनेला हात घालण्यासाठी सांगत नाही. भट्टीचंही नेमकं असंच होणार आहे, आणि यावेळी ते आधी दिसतंय म्हणून सांगतोय.

समजा, आज लगड १०० नाण्यांना जाते, तिला लागणारं खनिज ७० ला मिळतं आणि शुल्क ५ आहे. उरलेली २५ नाणी गाळण्याची मजुरी. गाळणं फुकटात पडू लागलं की ही २५ नाणी गाळणाऱ्याच्या हातून जातात. पण ती हवेत विरत नाहीत. एकतर लगड ७५ पर्यंत उतरेल किंवा खनिज ९५ पर्यंत चढेल, किंवा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तोल जमेल. तो कुठे जमेल हे भट्टीवर ठरत नाही. ते खाणीत ठरतं. खनिज हवं तितकं निघत असेल तर फायदा लगड घेणाऱ्याला, म्हणजे शेवटी तलवार विकत घेणाऱ्या साध्या खेळाडूला. पण खाणी मोजक्या असतील आणि खनिज ठरलेल्या वेळेनेच पुन्हा उगवत असेल, तर सगळा फायदा खाणीवर बसलेल्याला. आपल्या गेममध्ये वरच्या दर्जाच्या खाणी कुणाच्या ताब्यात आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. भट्टी सोपी करून तुम्ही नव्या खेळाडूच्या हातात काही देऊ पाहताय, पण ती देणगी मोठ्या गिल्डच्या कोठारात जाऊन पडणार आहे.

आता तीन बदल एकेक करून घेतो.

एका क्लिकवर थैली गाळायला माझी काहीच हरकत नाही. त्याने माझी मजुरी कमी होईल हे मला पक्कं कळतं. आज प्रत्येक लगडीमागे क्लिक करायचा कंटाळा अनेकांना भट्टीपासून लांब ठेवतो, आणि तो कंटाळा सोसणाऱ्याला चार पैसे सुटतात. पण मनगट दुखवून मिळवायची मजुरी कुणालाही मिळू नये, मलाही नाही. रात्री तीन-तीन तास तेच बटण दाबल्यावर अंगठ्याच्या मुळाशी जी कळ येते, ती मी ओळखतो. शिवाय क्लिकचा कंटाळा बॉटला, म्हणजे माणसाऐवजी खेळणाऱ्या प्रोग्रामला, येत नाही. जिथे फक्त क्लिक करत राहणं हेच भांडवल असतं, तिथे माणूस हरतो. हा बदल करा आणि लवकर करा.

तूट शून्यावर नेण्याचं मात्र तसं नाही. सोनाराकडे दागिना मोडायला दिला की मोडीचा भाव वेगळा लावतात, घट धरतात. ती घट रद्द केली तर मोड आणि नवा दागिना यांच्यातलं अंतरच बदलतं. गेममध्येही तसंच. आज दहा खनिजांतून आठ लगडी निघतात. उद्या दहा निघाल्या तर तेवढ्याच खनिजातून बाजारात २५ टक्के जास्त लगडी येणार. त्या घेणार कोण?

इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल दाखवून दिलं होतं की वाफेची यंत्रं कमी कोळशात चालू लागली म्हणून देशाचा कोळशाचा खप कमी होत नाही, उलट वाढतो. काम स्वस्त होतं तसा यंत्रांचा वापर पसरतो आणि मागणी सुरुवातीच्या बचतीला गिळून पुढे जाते. तूट कमी केली की खनिजालाही मागणी वाढेल, असं तुमच्या मनात असेल तर ते या धर्तीवरचं असणार. पण जेव्हन्सचं म्हणणं खरं ठरायला मागणीला पसरायला जागा लागते. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये ती जागा आहे, कारण तिथे जहाज फुटलं की फुटलं. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या तारकाप्रणालीत एकाच लढाईत ७५ टायटन जहाजं गेली, आणि ही तिथली सर्वांत मोठी जहाजं. त्यांच्या जागी नवी उभी करायची तर डोंगराएवढं खनिज लागतं. तिथे लगडीचा पूर आला तरी तो वाहून जायला दरी आहे.

आपल्याकडे चिलखत फुटत नाही. मेलो तरी ते अंगावर परत येतं. झिजलं तर दुरुस्ती फक्त नाण्यांत होते, लगड एकही लागत नाही. म्हणजे खेळाडूला एका दर्जाचं चिलखत एकदाच हवं असतं. अशा ठिकाणी तूट शून्य केली तर मागणी तेवढीच राहते, तेवढ्या लगडींसाठी खनिज मात्र एक पंचमांशाने कमी लागतं. मग खनिज आणि लगड दोघांचेही भाव उतरतात आणि खाणीत उतरलेल्या नव्या खेळाडूच्या पिशवीला गिऱ्हाईक उरत नाही. पहिल्या बदलात खनिज चढण्याची शक्यता सांगितली आणि इथे उतरण्याची सांगतोय, यात विसंगती नाही. क्लिकची मेहनत वाचली की मधली मजुरी जाते. तूट वाचली की मालाची गरजच घटते. म्हणूनच दोन्हींना एकच नाव देऊ नका असं म्हणतोय.

तूट कमीच करायची असेल तर ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये ती कशी केली आहे ते पाहा. तिथे साध्या भट्टीत लोखंडाचं खनिज गाळलं तर निम्म्या वेळा हाती काहीच लागत नाही. ब्लास्ट फर्नेस या तिथल्या खास भट्टीत मात्र लोखंड वाया जात नाही आणि कोळसाही निम्माच लागतो. रूनाइट या वरच्या दर्जाच्या धातूच्या एका लगडीला साध्या भट्टीत आठ कोळसे लागतात, तिथे चार. केवढी मोठी सवलत! पण ती फुकट नाही. भट्टी चालवणाऱ्या बुटक्यांच्या पेटीतून तासाला ७२,००० नाणी जातात, आणि ती नाणी जगातून कायमची जातात. कोळशाची मागणी घटली हे खरं, पण त्या बदल्यात चलन आटवणारी एक वाट उघडली. सोय आणि तिची किंमत एकाच जागी ठेवली आहे. तुमच्या प्रस्तावात पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही.

ईव्ह ऑनलाइनने तर याच्या उलट पाऊल उचललं होतं. तिथे जुलै २०१४ च्या क्रियस अपडेटआधी कौशल्य पूर्ण वाढवलेला खेळाडू तयार तोफा वितळवून त्यातलं सगळं खनिज परत मिळवू शकत असे. त्यामुळे झालं असं की तोफा लढण्यासाठी कमी आणि खनिज वाहून नेण्याच्या पोत्यांसारख्या जास्त वापरल्या जाऊ लागल्या, कारण तोफ खनिजापेक्षा फार कमी जागेत मावते. क्रियसने मोडीतून मिळणारं खनिज जास्तीत जास्त ५५ टक्क्यांवर आणलं. त्याआधी एप्रिल २०१२ मध्ये ड्रोन शत्रूंकडून मिळणारे, वितळवून खनिज देणारे मिश्रधातू बंद करून त्यांच्या जागी बक्षिसाची रक्कम आणली होती. खाणीत न उतरता बंदुकीच्या जोरावर खनिज मिळवण्याची ती वाट बंद झाली आणि खाणकामाला पुन्हा किंमत आली. हे दोन्ही निर्णय खेळाडूंचं काम अवघड करणारे होते, आणि तरी ते घेतले गेले. वितळवण्याचं प्रमाण हा कोपऱ्यातला तपशील नसतो. पक्क्या मालाचा भाव कुठपर्यंत पडू शकतो याचा तळ तोच ठरवतो.

तळावरून आठवलं. आपल्या गावातला दुकानदार साधी तलवार ठरलेल्या भावाला कितीही घेतो. लगड स्वस्त झाली की कुणीतरी हिशोब मांडेल: लगड घ्या, तलवार ठोका, दुकानदाराला द्या. जोवर त्यात एक नाणं सुटतंय तोवर हे चालू राहील, आणि दुकानदार देतो ती नाणी शून्यातून येतात. म्हणजे लगडीचा भाव एका पातळीखाली उतरणारच नाही, पण त्याची किंमत बाकीचा सगळा बाजार मोजेल. औषधं, मंत्रपत्रं, घोडे, जागेचं भाडं, ज्या ज्या गोष्टी सोप्या झालेल्या नाहीत त्या महागतील. अल्टिमा ऑनलाइन १९९७ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथल्या विकसकांना हाच धडा मिळाला होता. खेळाडू कौशल्य वाढवण्यासाठी ढिगाने वस्तू बनवत, आणि दुकानदार त्या विकत घेत राहिले की जगात पैसाच पैसा होई. भट्टीला हात लावण्याआधी त्या दुकानदाराचा भाव खाली आणा, किंवा तो रोज किती घेईल यावर मर्यादा घाला.

आता तिसरा बदल, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच आहे. कौशल्याची पातळी निम्मी करणं ऐकायला निम्मं वाटतं. रूनस्केपचा तक्ता काढून बघा. ९९ व्या पातळीला १,३०,३४,४३१ अनुभवाचे गुण लागतात आणि त्याच्या अर्ध्यावर माणूस पोचतो तो ९२ व्या पातळीला. ५० व्या पातळीला १,०१,३३३ गुण पुरतात, म्हणजे शंभरातला एक भागही नाही. आपला तक्ता इतका उभा चढत नाही, पण त्याचं वळण तेच आहे. पातळी निम्मी केलीत तर वाट निम्मी होत नाही, जवळजवळ संपते.

ती वाट कोणत्या मालाने तयार होते? तांबं, कथील, हलकं लोखंड. हा माल आज कुणाला तलवारीसाठी नको असतो. तो शिकणाऱ्यांना हवा असतो. शिकणारे तोट्यात लगडी करतात, आतबट्ट्याचा व्यवहार हसत पत्करतात, कारण गुण हाच त्यांचा मोबदला. आणि तो तोटा जातो कुठे? तांबं खणणाऱ्या, कालच गेममध्ये आलेल्या खेळाडूच्या खिशात. नव्या माणसाची पहिली कमाई हीच असते. माझीही हीच होती. मी पहिल्यांदा तांब्याच्या खनिजाची अख्खी थैली फलकावर लावली आणि पाणी प्यायला उठून परत आलो तर ती विकली गेली होती. त्या नाण्यांतून मी पहिली कुदळ घेतली. कुणीतरी अनोळखी माणसाला माझ्या मेहनतीची गरज होती, हे तेव्हा कळलं, आणि मी या गेममध्ये राहिलो तो त्या संध्याकाळमुळे. वाट आखूड केलीत की तांब्याला गिऱ्हाईक उरणार नाही. नव्यांना सोपं जावं म्हणून केलेला बदल नव्यांच्याच पोटावर येईल. जुन्यांना तर काही फरक पडणार नाही, आमची पातळी कधीच झाली आहे.

मजुरी टिकवून काम सुखाचं करणं अशक्य नाही. अ‍ॅल्बियन ऑनलाइनमध्ये शुद्धीकरण बोटांना सोपं आहे, पण कुठे करायचं याला अर्थ आहे. थेटफर्ड शहरात खनिजाला जास्त परतावा मिळतो, म्हणजे वापरलेल्या कच्च्या मालातला जास्त भाग परत मिळतो, मार्टलॉकमध्ये कातड्याला, लिमहर्स्टमध्ये धाग्याला, फोर्ट स्टर्लिंगमध्ये लाकडाला आणि ब्रिजवॉचमध्ये दगडाला. शिवाय प्रीमियम, म्हणजे वर्गणीदार, खेळाडूला कामात खर्चायचे फोकस नावाचे १०,००० गुण रोज मिळतात, ते खर्चून परतावा आणखी वाढवता येतो, आणि ते कितीही साठवता येत नाहीत. त्यामुळे कुणाला अंतर कापावं लागतं, कुणाला आज फोकस कशावर घालायचा हे ठरवावं लागतं. तिथली मजुरी त्या विचाराची मजुरी आहे. आम्हाला तशी द्या. तूट कौशल्याने कमी होऊ द्या, पण शेवटचे काही टक्के राहू द्या. मोठी भट्टी नाण्यांवर चालवा. दुरुस्तीत लगडी लागू द्या, म्हणजे वाढलेला पुरवठा कुठेतरी जिरेल. आणि वरच्या पातळीची अट खाली आणायचीच असेल तर फार थोडी आणा, खालच्या पायऱ्यांना हात न लावता.

आणखी एक. हे तिन्ही बदल एकाच दिवशी आणू नका. एकाच दिवशी आणलेत तर भाव हलल्यावर तो कशामुळे हलला हे तुम्हालाही कळणार नाही. क्लिकचा बदल आधी येऊ दे, भाव स्थिरावू देत, मग पुढचं. ईव्ह ऑनलाइनचे विकसक दर महिन्याला त्यांच्या जगात किती खणलं गेलं, किती बनलं, किती फुटलं आणि नाणी कुठून आली, कुठे गेली याचे आकडे खेळाडूंपुढे ठेवतात. आमच्यापुढे निदान खनिजाचे आणि लगडीचे आकडे ठेवा. आज ते आकडे ज्यांना आपली माणसं बसवून फलक नोंदवून घेता येतो त्या मोठ्या गिल्डांकडेच आहेत, आणि तुमची घोषणा झाल्यापासून वरच्या दर्जाचं खनिज फलकावरून गायब होतंय ते याच कारणाने. काल संध्याकाळी मी गाळायला बसलो तर विकत घ्यायला ढीगच नव्हता. जो एक होता तो उचलला आणि तो मिळाला तेवढ्यातच दुसऱ्या कुणाचीतरी चढ्या भावाची मागणी फलकावर आली.

पत्राला उत्तर द्यायला तुम्हाला वेळ नसेल तर एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर अपडेटच्या तारखेआधी द्या: तूट शून्य होण्यापूर्वी चिलखताच्या दुरुस्तीत लगडी लागणार आहेत की नाहीत? कालचा तो ढीग माझ्या थैलीत तसाच पडून आहे. उत्तर येईपर्यंत मी तो गाळत नाही, आणि आमच्या गिल्डमधल्या दोन नव्या मुलांनाही, त्यांनी खणलेलं तांबं सध्या विकून टाका, असं सांगितलं आहे.

आपला,
भट्टीवरचा एक जुना खेळाडू